बहीण हावरी कधी होते?

आठ मार्चच्या कार्यक्रमात एक वाक्य हमखास ऐकायला मिळते. ‘समाजाची मानसिकता बदलली पाहिजे.’ प्रमुख पाहुणे म्हणतात, पंचायत समितीचे साहेब म्हणतात, बँकेचे मॅनेजर म्हणतात, आणि अलीकडे आपल्या कार्यकर्त्याही भाषण संपवताना हेच म्हणतात. टाळ्या पडतात. पडणारच, कारण या वाक्याने कुणालाच काही करावे लागत नाही. समाज म्हणजे शेजारी बसलेला, असे ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटते. मानसिकता मनात असते, मनाला हात लावता येत नाही, ती बदलायला पिढ्या जातात. म्हणजे आज जे चालले आहे ते आजच्यापुरते चालू द्यावे.

मला या वाक्याशीच भांडायचे आहे. भोर आणि वेल्हे तालुक्यांत बायकांच्या गटांबरोबर हिंडताना मी जे पाहते त्यावरून माझे मत असे झाले आहे की, बाईकडे बघण्याची दृष्टी बदलायला पिढी वगैरे काही लागत नाही. ती एका दुपारीत बदलते. फक्त आपण म्हणतो त्या दिशेने नाही. (वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करायला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. मी वेल्हेच लिहिते आहे, कारण गटातल्या बायांच्या तोंडी अजून तेच आहे.)

बहिणीचेच घ्या. लग्न होऊन डोंगरापलीकडच्या गावात दिलेली, वर्षाला भाऊबीजेला आणि जत्रेला येणारी. भाऊ तिला चोळीबांगडी करतो, तिच्या पोरांच्या हातावर दहा-वीस रुपये ठेवतो. ‘आमची ताई म्हणजे गाय आहे,’ असे कौतुकाने सांगतो. मग एक दिवस जमिनीचा एजंट येतो. पानशेत, वरसगाव, गुंजवणी, भाटघर, नीरा-देवघर या धरणांच्या पाण्याकडेची, राजगड-तोरण्याच्या वाटेवरची, हायवेपासून तासाभराची जमीन आता पुण्यामुंबईच्या लोकांना हवी आहे. ज्या वरकस जमिनीत नाचणी-वरईखेरीज काही झाले नाही, तिथून आता ‘व्ह्यू’ दिसतो. एजंट कागद बघतो आणि विचारतो, ‘बहिणी किती?’

दुसऱ्या दिवशी बहिणीच्या दारात जीप उभी. ज्या वाटेने ती आयुष्यभर डोक्यावर बोचके घेऊन चालत आली त्या वाटेने तिला गाडीतून आणतात. साडी, ओटी, मटणाचे जेवण. मग रजिस्टर ऑफिस. फोटो, अंगठे, सही. कागदाचे नाव हक्कसोडपत्र. संध्याकाळी तिला एसटीत बसवून देतात.

आणि ती म्हणाली, ‘दादा, जरा विचार करून सांगते’? तर दिवस मावळायच्या आत ती हावरी होते. नवऱ्याने शिकवलेली होते. माहेर विकायला निघालेली होते. सकाळपर्यंत गाय होती ती! तिने कुणाला शिवी दिलेली नाही, कोर्टात गेलेली नाही, हिस्सासुद्धा मागितलेला नाही. विचार करते एवढेच म्हणाली.

आता सांगा, ही कोणती जुनी मानसिकता? ज्या जमिनीतून पोतेभर नाचणी निघत होती तेव्हा बहिणीला हावरी म्हणण्याची गरजच पडत नव्हती. हा शब्द गुंठ्याच्या भावाबरोबर डोंगर चढून आला. परंपरेच्या नावावर खपवायचा म्हणून त्याला नऊवारी नेसवली आहे, इतकेच.

एकदा हावरी हा शब्द चिकटला की पुढचे बघणे आपोआप त्या शब्दातून होते. ती नवी साडी नेसून आली, तर बघा पैशाचा कसा माज आहे. जुनेर नेसून आली, तर दरिद्री सासर, म्हणून डोळा आमच्या जमिनीवर. आईला भेटायला आली, तर अंदाज घ्यायला आली. आली नाही, तर आईची तरी आठवण आहे का. रडली तर नाटक, न रडली तर दगड. बाई काय करते याला महत्त्वच उरत नाही. आपण म्हणतो माणसाला पाहून मत बनते. बहुतेक वेळा मत आधी बनते आणि माणूस त्यात कोंबला जातो. आणि ते मत कुठून येते हे शोधायचे तर मनाचा तळ ढवळत बसू नये, कुणाला काय सोडावे लागेल ते बघावे.

हे मी इथल्याच गावांबद्दल म्हणते आहे असे समजू नका. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलात मुलीला मुलाच्या बरोबरीने वाटा मांडला तेव्हा दिल्लीच्या सभागृहात शिकल्यासवरलेल्या, वकिली केलेल्या पुढाऱ्यांनी हाच ओरडा केला की कुटुंबे मोडतील. बिल अडवले गेले, १९५१ मध्ये आंबेडकरांनी मंत्रिपद सोडले. १९५६ चा वारसा कायदा आला, पण वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्माने हक्क मुलग्यांनाच राहिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये तो मुलींना दिला, तोही तेव्हा लग्न झालेल्या मुलींना वगळून. सबंध देशासाठी ही दुरुस्ती २००५ मध्ये झाली, लग्न झालेल्या मुलींसकट. वडील २००५ च्या आधी वारले असतील तर काय, हा घोळ सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात मिटवला: मुलीचा हक्क जन्माचा आहे, त्या दिवशी वडील हयात असण्याशी त्याचा संबंध नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेले वाटप किंवा विक्री तेवढी उकरता येत नाही. हे सगळे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण ‘तुमचे लग्न आधीच झाले, तुम्हाला काही नाही’ असे आजही बायकांना बिनदिक्कत सांगितले जाते.

म्हणजे कायदा आहे. मग बाया सही का करतात?

इथे आपल्या चळवळीचे ठरलेले उत्तर तयार असते: त्यांना हक्काची जाणीव नाही. मग जाणीव-जागृतीचे शिबिर लागते. फळ्यावर कायदा लिहिला जातो, जेवण होते, उपस्थितीचा कागद भरला जातो. मला हे उत्तर मान्य नाही. ‘जाणीव नाही’ हाही एक ठप्पाच आहे, फक्त तो आपण लावलेला आहे म्हणून आपल्याला दिसत नाही. डोंगरातली बाई म्हणजे अडाणी, गरीब गाय, आपण जाऊन जागे करायची. भावानेही तिला गायच म्हटले होते!

शहराला या डोंगराकडे नीट बघायची सवयच नाही. पुण्यात ‘पानशेत’ म्हटले की १२ जुलै १९६१ चा पूर आठवतो, वाहून गेलेल्या पेठा आठवतात. तो हाहाकार खराच होता. पण पानशेत हे वेल्ह्यातले गाव आहे, त्या धरणाखाली इथली खाचरे बुडाली, हे किती जणींना चटकन आठवते? शहर पाणी पिते आणि पाणी कुठून येते ते विसरते. तसेच बाईचे. तिच्याकडून जे घ्यायचे तेवढेच आपल्याला दिसते. भावाला सही दिसते. आपल्याला शिबिरातली उपस्थिती दिसते.

आणि ही बाई अडाणी कशी? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्याच्या पश्चिमेकडच्या याच डोंगरपट्ट्यात जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. ते काम पुढे महाराष्ट्रभर पसरले आणि एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. शाळेत न गेलेल्या बायांनी आई, सासर, सीता, विठोबा, भाऊ, भावजय, दारिद्र्य, मरण या सगळ्यांवर आपले मत जात्याजवळ बसून मांडलेले आहे. माहेराचे आणि भावाचे तर केवढे भांडार! त्याला नुसते बहिणीची माया म्हणून हळवे होऊ नका. जिला कागदावर हक्क नाही तिने मायेवर हक्क सांगायचा नाही तर कशावर सांगायचा? भावाला थोर म्हणत राहणे, ही त्या थोरपणाला बांधून ठेवण्याची रीतही असते.

सही करणारी बाई याच हिशेबाने सही करते. गटात बसून नीट विचारले तर ती बोटे मोडून सांगते. नवऱ्याने टाकले तर कुठे जायचे? पहिल्या बाळंतपणाला कुठे जायचे, पोरीच्या लग्नात मामाचा मान कोण घेणार, सासरच्यांनी मारले तर भांडायला कोण येणार? माहेर हा तिचा विमा आहे आणि हक्कसोड हा त्याचा हप्ता. कायदा कळत नाही म्हणून ती सही करत नाही. कायदा रात्री दोन वाजता दार उघडत नाही, हे तिला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले कळते. तिचा हिशेब चुकीचा असेल, अज्ञान नाही.

चुकतो मात्र हे खरेच. टाकलेल्या कितीतरी बाया मी माहेरी बघितल्या आहेत. गोठ्याला लागून एक खोली, वेगळी चूल, भावाच्या शेतावर बिनमजुरीचे काम, भावजयीच्या टोमण्यावर दिवस. हप्ता भरला होता, पण वेळ आली तेव्हा मिळाला तो उपकार म्हणून. जिने सही केली नव्हती तिच्याशी भाऊ बोलत नाही, हे गाव आपल्याला सांगते. सही केलेलीला भाऊ कुठे झोपायला देतो, हे गाव सांगत नाही.

आता सगळ्यात अडचणीचा मुद्दा, जो आपण आपापसात टाळतो. भावजय कोण असते? तीही बाईच. आपल्याच बचत गटात बसणारी. माहेरी तिने स्वतः हक्कसोड दिलेला असतो, ती आठवण तिला सलत असते, एखाद्या बैठकीत ती डोळ्यांत पाणी आणून सांगतेही. आणि त्याच आठवड्यात नणंद ‘विचार करते’ म्हणाली, तर हावरी हा शब्द पहिल्यांदा तिच्याच तोंडून निघतो. एकच बाई, एकच कायदा. डोंगराच्या या बाजूला ती बहीण, त्या बाजूला वहिनी, आणि बाजू बदलली की दृष्टी बदलते. तिला ढोंगी म्हणणे सोपे आहे. तिचे म्हणणे ऐका: ‘मला माझ्या माहेरचे काही मिळाले नाही, आता इथलेही जाऊ देऊ का?’ यात काय खोटे आहे? सगळ्या बहिणी मागतील तर सगळ्या वहिनी काही घेऊनच येतील, हे गणित गावभर एकदम लागू झाले तरच जुळते. एकटीने मागितले तर ती हावरी, आणि एकटीने दिले तर ती मूर्ख. म्हणून मी म्हणते, हे एकेकीच्या मनाचे काम नाही. मनात बदल करून ये, असे वहिनीला सांगणे म्हणजे तिला तोटा सोसायला सांगणे.

शेतकरी संघटनेने नव्वदीच्या आसपास लक्ष्मीमुक्ती केली, शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन लावली. मोठे काम होते, त्याला नावे ठेवायची नाहीत. पण बायकोचे नाव लावले तरी जमीन घरातच राहते. बहिणीचे नाव लावले की ती दुसऱ्या घराची होते. पुरुषाच्या समतेची खरी परीक्षा तिथे आहे, आणि तिथे भाषण थांबते.

आक्षेप मला पाठ आहेत. ‘तिला हुंडा दिला, लग्न केले.’ हुंडा सासऱ्याच्या हातात गेला, तिच्या नावावर नाही. भावाच्याही लग्नाला खर्च झाला, तो कुणी त्याच्या हिश्श्यातून कापला? ‘जमिनीचे तुकडे पडतील.’ चार भावांत वाटणी होते तेव्हा बांध पडतात, त्या वेळी तुकड्यांचे दुःख कुणाला झालेले मी ऐकले नाही. ते दुःख पाचव्या हिश्श्याला, म्हणजे बहिणीच्या हिश्श्यालाच का होते? ‘ती कसायला येणार आहे का?’ ज्या भावांनी मुंबईत जन्म काढला आणि गावी गणपतीला तेवढे आले, त्यांची नावे सातबाऱ्यावरून कुणी काढली नाहीत. शेत कसत बायाच होत्या. आणि आता तर कुणीच कसायची भाषा करत नाही, विकायची करतात.

माणसे काय बोलतात आणि काय करतात यातले अंतर जुने आहे. १९३० च्या सुमारास रिचर्ड लापिएर नावाचा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एका चिनी जोडप्याला घेऊन अमेरिकाभर हिंडला. तिथे तेव्हा चिनी माणसांचा उघड द्वेष होता. अडीचशेच्या वर हॉटेले आणि खाणावळी झाल्या, नकार मिळाला फक्त एका ठिकाणी. मागाहून त्याने याच मालकांना पत्र घालून विचारले, चिनी गिऱ्हाईक घ्याल का? उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त जणांनी नाही म्हणून कळवले. त्यांचे कागदावर नाही होते आणि दारात हो. आपल्याकडे याच्या उलटे. सर्वेक्षणाचा फॉर्म घेऊन गेलात तर भोरच्या बाजारपेठेपासून तोरण्याच्या पायथ्यापर्यंत प्रत्येक भाऊ म्हणेल, मुलगा-मुलगी समान. त्याचा हो कागदावर आहे. नाही दारात आहे. म्हणून मला फॉर्मवरच्या मानसिकतेत काडीचा रस नाही.

मग दृष्टी बदलते कशाने? याचेही एक उदाहरण आपल्या ओळखीचे आहे, पंचायतीतल्या राखीव जागांचे. ७३ वी घटनादुरुस्ती झाली तेव्हा हीच मंडळी म्हणत होती की समाजाची मानसिकता अजून तयार नाही. पश्चिम बंगालमध्ये प्रधानपद कोणत्या गावात बाईसाठी राखीव होणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते, म्हणून एस्थर दुफ्लो, रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीरभूम जिल्ह्यात तुलना करून बघितली. तो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकच भाषण पुरुषाच्या आवाजात आणि बाईच्या आवाजात ऐकवले. जिथे बाई कधी प्रधान झालेली नव्हती तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजाला कमी लेखले. जिथे झालेली होती तिथे हा फरक पुसला गेला होता. गंमत म्हणजे, ‘पुढारी पुरुष बरा की बाई’ असे सरळ विचारले तर त्यांची आवड बदललेली नव्हतीच. पुरुषच हवा, असेच ते म्हणत होते. आणि तरीही दोन खेपा राखीव राहिलेल्या ठिकाणी पुढे बाया खुल्या जागांवर उभ्या राहून जास्त संख्येने निवडून येऊ लागल्या. खुर्ची आधी आली. डोळे मागून आले, आणि आवड तर अजून वाटेतच होती. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा आहेत. इथेही सरपंचबाईच्या शेजारी नवरा बसतो, तिचा शिक्का त्याच्या खिशात असतो, मला माहीत आहे. तरी ग्रामसभेत बाईने उभे राहून बोलणे हे आता कुणाला वेगळे वाटत नाही. त्यासाठी कुणाचे मन आधी वळवावे लागले नाही.

जमिनीचेही असेच आहे. नाव लागू द्या. वडील वारल्यावर वारसनोंद होते तेव्हा ज्याला लोक अजून तलाठीच म्हणतात त्याच्याकडे भाऊ जातो आणि वारस सांगतो. तिथेच बहिणी गळतात, किंवा ‘इतर हक्क’ या रकान्यात कोपऱ्यात जातात. हे काम गटाने करायचे आहे. गावातला माणूस गेला की तेराव्यानंतर सगळ्या वारसांची नावे लागली का ते बघायचे. फेरफाराची नोटीस कुणाला आली, कुणाला नाही, ते विचारायचे. नुसत्या फेरफाराने कुणाची मालकी जात नाही, तोंडी ‘सोडले’ म्हटल्याने हक्क सुटत नाही, हे बायांना ठाऊक असायला हवे, आणि त्याहून जास्त त्यांच्या भावांना ठाऊक आहे की बायांना ठाऊक आहे, असे झाले पाहिजे. आणि पुढच्या आठ मार्चला पाहुण्याने मानसिकता म्हटले की पहिल्या रांगेतून एकीने उठून विचारावे: साहेब, तुमच्या बहिणींचे हक्कसोड झाले का? आपल्या संस्थांच्या विश्वस्तांनाही विचारायला हरकत नाही.

विम्याचा प्रश्न राहतोच. नाही म्हणणाऱ्या बाईचे माहेर तुटले तर तिच्यासाठी काय? हे सोडवल्याशिवाय तिला नाही म्हण असे सांगायचा आपल्याला अधिकार नाही. दोन-चार गावांच्या गटांनी एक साधी गोष्ट सुरू केली आहे: हक्कसोडला बाई एकटी जाणार नाही. गटातल्या दोघी बरोबर जातात. बोलत काही नाहीत, बाकावर बसतात. सही करायची की नाही ते तिचे ती ठरवते. जमलेच तर एक वहिनीच्या ओळखीची असावी असे बघतात. या वर्षी तिघींबरोबर गेल्या. दोघींनी सही केली, पण त्यांपैकी एकीने आधी रक्कम चेकने स्वतःच्या खात्यावर घेतली. तिसरी सही न करता परत आली आणि तिने आपले नाव सातबाऱ्याला लावून घेतले. भाऊ तिच्याशी अजून बोलत नाही. वहिनी बोलते. परवा गटात येऊन तिने स्वतःच्या माहेरचा गट नंबर विचारला.